रुमाल टाकलेलं घर

माझ्या वहीत रोज चार-पाच ओळी असतात. तिथी, उपास असेल तर तो, देवाला कोणतं फूल वाहिलं, काय रांधलं, कोण येऊन गेलं. लग्न होऊन देवळीला आले तेव्हापासूनची सवय. या वह्या चाळल्या तर आमच्या घरच्यांच्या खालोखाल एकच नाव सारखं भेटतं, पुंडलिककाकाजींचं. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. गेल्या वर्षीच्या माघापासून पुढची पानं तर त्यांचीच आहेत. आता ते इथं राहत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल एकदा एका जागी लिहून ठेवावं असं मनात आलं.

पुंडलिकराव एस.टी.त कंडक्टर होते. बत्तीस वर्षं. वर्धा, देवळी, पुलगाव, आर्वी, रोहणा, आंजी. जिल्ह्यातला कोणता फाटा कुठं येतो आणि तिथं कोण उतरतं हे त्यांना तोंडपाठ. उंच, वाळलेला माणूस. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी चालताना पाय फाकवूनच टाकत, जशी काही खालची जमीन हलते आहे. उभं राहून राहून गुडघे गेले होते. भंगारवाल्याकडून त्यांनी एका जुन्या गाडीची घंटी आणली होती, दोरीसकट. ती त्यांच्या दारावर टांगलेली. एकदा ओढली म्हणजे कोणीतरी आलं, दोनदा ओढली म्हणजे निघालं. हा नियम सगळ्या गल्लीला माहीत. दूधवालासुद्धा दूध देऊन दोनदा ओढायचा आणि मगच सायकलवर बसायचा.

त्यांच्या बाई, पंचफुलाकाकू, चार वर्षांपूर्वी गेल्या. मला सांडगे त्यांनीच शिकवले, आणि एकादशीचं महत्त्वही. मागं एकच लेक, मेघा. ती मोठ्या आंजीला शिक्षिका, सासरही तिथलंच. जावई शांत, सालस. पण काकाजी जुन्या वळणाचे. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आंजीला जायचे तर पाण्याची बाटली आपली घेऊन. ओसरीत बसायचे, नातवाशी बोलायचे, आणि बाटली संपली की परतीची गाडी धरायचे. उन्हाळ्यात बाटली लवकर संपायची. मेघा एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. म्हणाली, "काकू, माह्या बापाची भेट मी लिटरवर मोजून राह्यली."

काकाजींच्या घराला पाच पायऱ्या होत्या, उंच. पावसाळ्यात गल्लीत पाणी चढतं म्हणून त्यांनीच उंच जोतं घेऊन घर बांधलेलं. दिवाळीनंतर तिसऱ्या पायरीवरून ते घसरले. हाड मोडलं नाही, पण महिनाभर जेवणाचं ताट मीच नेऊन देत होते. तेव्हाच मेघानं मनावर घेतलं. तिच्या शेजारी अण्णाजी नावाचे एक म्हातारे शेतकरी राहत. त्यांचं घर जमिनीसरसं, एकही पायरी नाही. अण्णाजी पुण्याला मुलाकडे कायमचे जाणार होते. त्यांनी मेघाला शब्द दिला, "अक्षय तृतीयेवरी मी कोणापाशी बोलत नाई. तोवर मास्तरीणबाईच्या बापानं काय ते सांगाव."

म्हणजे गोष्ट साधी होती. अक्षय तृतीयेच्या आत देवळीचं घर विकलं तर आंजीचं घेता येणार. स्वतःच्या दारात, स्वतःचं पाणी पीत, लेकीच्या भिंतीला लागून राहता येणार. नाही विकलं तर या पाच पायऱ्या आणि एकटेपण. तिसरं काही नव्हतं.

बंडूजी आमच्या गावचा घरा-प्लॉटांचा दलाल. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर एक खुर्ची आणि दोन मोबाइल, एवढं त्याचं ऑफिस. काकाजी घर काढणार हे कानावर जाताच दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर हजर. मी अंगणात गहू वाळू घालत होते, सगळं ऐकू येत होतं.

"काकाजी, तुम्ही काई करू नोका. आठ दिवसांत गिऱ्हाईक उभं करतो."

"उभं काऊन करतं? बसव त्याले."

"गंमत नाई करून राह्यलो जी. घर इकनं म्हणजे टिकट फाडनं नोहे."

"बंड्या, तू बारावीवरी माह्या गाडीत वर्ध्याले गेला. पास किती दिवस दाखवला, सांग बरं."

बंडूजी हसायला लागला. "ते सोडा ना आता."

"मी सोडलं, म्हणून तर तू शिकला. बत्तीस वरस दार मीच उघडलं अन् मीच लावलं. आता माह्या घराचं दार दुसऱ्यानं काऊन उघडाव?"

बंडूजीनं चहा संपवला, दोनदा घंटी ओढली आणि जाता जाता कुंपणावरून मला म्हणाला, "वहिनी, समजवजा त्याईले. चैत्रात माह्याकडेच येतीन पाहा."

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी काकाजींनी पाटी लावली. टिनाचा पत्रा, वर काळा रंग, पांढरी अक्षरं, अगदी गाडीच्या कपाळावरच्या पाटीसारखी. 'घर विकणे आहे. खोल्या तीन, ओटा, न्हाणी, नळ. पायऱ्या पाच. बोलणे मालकाशी. वेळ ८.१० ते ११.४०.'

मी विचारलं, "काकाजी, आठ वाजून दहा मिनिटं काऊन?"

"आठले तुमची पूजा आटोपते. पुढचे दहा मिनिटं प्रसाद खायाचे."

रोज पूजेनंतर वाटीभर शिरा नाहीतर साखर-खोबरं मी त्यांच्या खिडकीत ठेवत असे. ते त्यांनी वेळापत्रकात धरलं होतं.

कागद त्यांनी एकट्यानं जमवले. नगर परिषदेच्या टॅक्सच्या पावत्या, जागेची आखीव पत्रिका, नकाशा, काकूंच्या मृत्यूचा दाखला, सगळं तिकिटं ठेवायच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत, खण करून लावलेलं. कोणी काही विचारलं की अंगठ्यानं टिचकी मारून नेमका कागद वर काढत. आमच्या ह्यांनी पंचायत समितीत वीस वर्षं टेबल सांभाळलं आहे. ते म्हणाले, "आमच्या ऑफिसात एवढी व्यवस्था असती तर लोकाईनं आम्हाले शिव्या नसत्या दिल्या."

लोक पाहायला यायला लागले. घरात बाईमाणूस नाही, म्हणून पोहे-चहा माझ्याकडे. काकाजी दारात उभे राहून एकेकाला आत घेत, "पुढं सरका, पुढं सरका," म्हणत. आणि मग सुरू होई त्यांचं सांगणं. स्वयंपाकघराचा ईशान्येचा कोपरा श्रावणात ठिबकतो. न्हाणीची फरशी कडुलिंबाच्या मुळानं उचलली आहे. मधल्या खोलीचं दार पावसात फुगतं, खांद्यानं लोटावं लागतं. नळ एक दिवसाआड, तोही पहाटे.

एकदा मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभीच होते आणि त्यांनी पुढचं सांगितलं, "अन् बाजूच्या ह्या सूनबाई. माणूस सोन्यासारखं, पण पहाटे पाच वाजता काकडआरतीची घंटी वाजवतेत. झोपेचं काई खरं नाई."

पाहुणे माझ्याकडे पाहायला लागले. माझ्या हातातल्या ताटल्या जड झाल्या.

ते गेल्यावर मी म्हटलं, "काकाजी, माही घंटीही खोटीत धरली का तुम्ही?"

"सूनबाई, गाडी कुठं कुठं थांबते, कुठं दचकते, हे चढायच्या आधी सांगाव. मंग मधात भांडण होत नाई."

त्यांचं खरं होतं. पण आलेला माणूस पोहे खाऊन जाई तो परत येत नसे.

फाल्गुनातल्या एकादशीला, रविवारी, अंकित आणि दिपाली आले. तो वर्ध्याला एका दवाखान्यात रक्ताच्या तपासण्या करतो. ती ब्लाउज शिवते. दोघं पुलगाव रोडकडं भाड्याच्या एका खोलीत राहत. दोघांनी मोटरसायकल लांब सावलीत लावली आणि चालत आले. दिपाली पाच पायऱ्या चढून ओट्यावर आली, आणि मधल्या खोलीच्या खिडकीत हात ठेवून उभी राहिली. त्या खिडकीतून उजेड थेट जमिनीवर पडतो. तिनं त्या उजेडात आपला हात धरून पाहिला, तळवा वर, मग खाली. सुईत दोरा ओवायला कसा उजेड आहे ते पाहत असणार. काकूसुद्धा तिथंच बसून निवडणं-टिपणं करायच्या. काकाजींनी ते पाहिलं. पण मग कोपरा, फरशी, दार, नळ, माझी घंटी, सगळं क्रमानं सांगितलं. उलट त्या दिवशी जास्तच सांगितलं. उंदरांचंही सांगितलं.

दोघं ऐकत राहिली. अंकित म्हणाला, "बरं, येतो काकाजी." आणि गेली.

मी कप उचलायला गेले तर खिडकीच्या कठड्यावर रुमाल. मोठा, बायका उन्हात तोंडाला बांधतात तसला, पिवळा, कडेला हातानं भरलेली बारीक हिरवी पानं. मी हसून म्हटलं, "काकाजी, पोरगी रुमाल टाकून सीट धरून गेली."

मी गमतीनं बोलले. आपल्याकडे गाडी लागली की माणसं खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आत टाकतात आणि मग सावकाश दारातून चढतात. ज्याचा रुमाल त्याची सीट. मला वाटलं काकाजीही हसतील. ते हसले नाहीत. रुमालाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "राहू द्या. हात लावू नोका."

त्या रात्रीची माझी ओळ आहे : 'एकादशी. भगर, आमटी. काकाजींकडे रुमाल राहिला.' एवढीच. त्या ओळीनं पुढं काय होणार याची मला काही कल्पना नव्हती.

होळी झाली आणि ताराचंदजी आले. त्यांचं कापडाचं मोठं दुकान आहे. बोलणं गोड, हात जोडून. त्यांना गोदामाला जागा हवी होती. कोपरा ठिबकतो हे ऐकून ते म्हणाले, "काकाजी, कोपरा राहणारच नाही, मग ठिबकेल काय? तुमचा भाव मला मान्य आहे. रजिस्ट्री म्हणाल त्या दिवशी. कर्जाची भानगड नाही."

मी मनात देवाला नमस्कार केला. आंजीचं घर आलं समजा.

काकाजी म्हणाले, "शेठजी, सीट धरून आहे."

"कोणी इसार दिला का?"

"इसार नाई. रुमाल आहे."

ताराचंदजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपांकडे पाहिलं. काकाजींनी त्यांना खिडकीतला रुमाल दाखवला, जसा काही तो स्टँपपेपर आहे. शेठजी सभ्य माणूस. म्हणाले, "ठीक आहे काकाजी. जागा रिकामी झाली तर आवाज द्या."

ते गेल्यावर मी म्हटलं, "काकाजी, ती पोरगी रुमाल इसरून गेली असंन. त्याईले फोन तरी करा."

"नंबर नाई घेतला. अन् कंडक्टर रुमालवाल्याले शोधत फिरत नाई, सूनबाई. गाडी सुटायच्या आत माणूस येतेच. पाणी प्याले उतरलं असंन, मुतारीले गेलं असंन. आपलं काम काय, त्याच्या जागेवर दुसऱ्याले बसू द्याचं नाई."

रोज सकाळी ते रुमाल झटकत आणि पुन्हा तिथंच ठेवत. पाहायला येणाऱ्यांना दारातूनच सांगत, धरून आहे. दहा दिवस गेले, पंधरा गेले. गुढीपाडवा झाला. बंडूजीनं टपरीवर गंमत चालवली, "आमच्या काकाजीचं घर एका रुमालात गेलं. मी उगाच दोन मोबाइल बाळगून राह्यलो." मेघाचे मला फोन यायला लागले. "काकू, बाबा काऊन थांबले? अण्णाजी रोज इचारून राह्यले." मी तिला काय सांगू? तुझ्या बापाच्या डोक्यात ती गंमत मीच घातली, हे माझ्या तोंडून निघेना. पूजेला बसले की फूल वाहताना तो पिवळा रुमाल डोळ्यांपुढं यायचा. दिवा लावायचा आणि मन दुसऱ्याच्या खिडकीत ठेवायचं, ही काही पूजा नव्हे.

सव्विसाव्या दिवशी मी ब्लाउजपीस घेतला आणि पुलगाव रोडला गेले. रामनवमीला नवं शिवायचं होतंच. विचारत विचारत दिपालीचं घर सापडलं. एका खोलीत मशीन, पलंग, गॅस, सगळं. खिडकी नाही. दिवसा ट्यूबलाइट लावून ती हातशिलाई करत होती. मला पाहून उठली, पाणी दिलं.

माप घेऊन झाल्यावर मी विचारलं, "घर नाई आवडलं का गं काकाजीचं?"

ती टेप गळ्यात टाकून खाली पाहत राहिली. "आवडलं नसतं तर बरं झालं असतं, काकू. पण त्याईनं नाई म्हटलं ना."

"कधी म्हटलं? मी तिथंच होती."

"तोंडानं कोण म्हणते? माह्या ताईचं जमून राह्यलं होतं तवा एक स्थळ बाबाले नोको होतं. पाहुणे घरात, नाई कसं म्हणाव? तर बाबा त्याईलेच सांगे, पोरगी रागीट आहे, स्वयंपाक येत नाई, दातात फट आहे. पाहुणे समजून गेले. काकाजीनं तसंच केलं. आधी कोपरा, मंग फरशी, मंग दार, मंग उंदीर, मंग तुम्ही."

"मी?"

"तुमची घंटी." ती ओशाळली. "अंकित रस्त्यानं म्हणे, म्हाताऱ्याले आपल्याले द्याचं नाई. भाड्यानं राहणारे लोक, कर्ज काढून घेणारे, त्याईले नोको असतील. सज्जन माणूस, म्हणून तोंडावर नाई म्हटलं."

मी कपाळाला हात लावला. आमच्या भागाची ही रीतच आहे, मला ती कळायला हवी होती. आम्ही नाही म्हणत नाही, आपल्याच वस्तूची खोट काढतो. आणि काकाजी खोट काढत होते ती घ्यायचं त्यानं नीट पाहून घ्यावं म्हणून. माणूस बत्तीस वर्षं खरं सांगत राहिला, आणि ते ऐकणाऱ्याला नकार वाटला.

"अन् रुमाल?" मी विचारलं.

"कोणता? पिवळा?" तिचे डोळे मोठे झाले. "तो तिथं आहे का? मी गावभर शोधून राह्यली. मले वाटलं वर्ध्याले जाताना एस.टी.त इसरली. माह्या आईनं भरलेला आहे तो."

मग मी तिला सगळं सांगितलं. रुमाल, शेठजी, सव्वीस दिवस, आंजी, पाणी. माझी गंमतही सांगितली. ती ऐकता ऐकता मशीनच्या स्टुलावर बसली.

संध्याकाळी अंकितला घेऊन ती आली. एकदाच घंटी ओढली. काकाजी दारात आले, तिला पाहून त्यांचा चेहरा असा झाला की मी तोंड फिरवलं. "आले का," एवढंच म्हणाले. "या. सीट ठेवली आहे."

दिपालीनं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर तिथंच सगळं गोड झालं असतं. पण ती म्हणाली, "काकाजी, मी रुमाल टाकला नोहता जी. इसरला होता. धरली नोहती सीट."

काकाजी खाली बसले. हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवून. "मंग सव्वीस दिवस मी कोणाची सीट धरून बसलो?"

"माहीच," दिपाली म्हणाली. "मले सांगाले पाह्यजे होतं तुम्ही."

अंकितनं स्पष्ट सांगितलं. घर हवं आहे, पण बँकेचं कर्ज निघायला दोन महिने तरी लागतील. अक्षय तृतीयेच्या आत काही होत नाही. काकाजींनी मान हलवली, म्हणाले, विचार करून सांगतो.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी ताराचंदजी पुन्हा आले. त्यांना कुठूनसं कळलं होतं की रुमाल विसरलेला होता. म्हणाले, "काकाजी, आता तर जागा रिकामी झाली." काकाजींनी त्यांच्याकडून दोन दिवस मागितले.

मी दुपारी प्रसादाची वाटी घेऊन गेले. स्वतःच्या चुकीची सल होतीच, म्हणून बोलले, "काकाजी, ती पोरगी स्वतः म्हणाली धरली नोहती. तुमच्यावर कोणाचा शब्द नाई. मेघाचा विचार करा. अण्णाजी थांबणार नाईत."

ते बराच वेळ वाटीतली साखर बोटानं सारखी करत होते.

"सूनबाई, टिकट फाडलं नोहतं, हे खरं. पण सव्वीस दिवस मी लोकाईले सांगितलं, धरून आहे. शेठजीले सांगितलं. तुम्हाले सांगितलं. पंचफुलेच्या फोटोले रोज सांगितलं. आता जास्त मोठा माणूस गाडीत चढला म्हणून कोणत्या तोंडानं म्हणू, सीट खाली आहे?"

"पण आंजी?"

"उद्या जातो आंजीले. अण्णाजीले सांगून येतो, थांबू नोका म्हणून. त्याचं घर मी काऊन अडवून ठेवाव?"

दुसऱ्या दिवशी पहाटे माझी आरती सुरू असतानाच बाटली घेऊन ते निघाले. वर्ध्याला गाडी बदलून आंजीला पोचायला ऊन झालं असणार. संध्याकाळी परत आले ते सरळ आमच्याच ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. दोन तांबे प्याले.

अण्णाजींनी ऐकून घेतलं होतं. त्यांचा एक पुतण्या घर मागतच होता, ते त्याला देणार. "पण मास्तरीणबाईचा बाप एवढ्या उन्हात नाई सांगाले आला," म्हणून म्हातारा उठला आणि काकाजींना घराच्या मागं घेऊन गेला. मागं दोन खोल्या, पूर्वी कापूस भरून ठेवायच्या. पायरी नाही. दार मेघाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर. पुतण्याला त्या नको होत्या. अण्णाजी म्हणाले, "ह्या मी पुण्याहून येऊन लिहून देईन. दोन महिन्यानं, तुमचं झालं की."

"लहान आहेत," काकाजी म्हणाले. "खिडकी एकच, तीही वर. पंचफुलेचं कपाट नाई मावत."

मी विचारलं, "मंग कसं?"

"मागची सीट आहे, सूनबाई. दचकते थोडी. पण गाडी आंजीचीच आहे."

ताराचंदजींनी बसस्टँडमागं दुसरी जागा घेतली. ती मिळवून दिली बंडूजीनं. दोघंही खूश.

ज्येष्ठात अंकितचं कर्ज झालं आणि रजिस्ट्री झाली. त्या दोन महिन्यांत काकाजींनी कडुलिंबाचं मूळ तोडून फरशी स्वतः बसवून घेतली, कोपऱ्यावर डांबर ओतलं, दार रंधून घेतलं. मी म्हटलं, "आता काऊन? खोट तर सांगून झाली." ते म्हणाले, "सांगितली म्हणून ठेवाव का?" काकूंचं कपाट दिपालीनं मागून ठेवून घेतलं. त्यात आता गिऱ्हाइकांचे ब्लाउज टांगलेले असतात.

चावी द्यायच्या दिवशी मी दोघांना ओवाळलं, दिपालीची ओटी भरली. काकाजींनी चावी तिच्या पिवळ्या रुमालात बांधून दिली. धुतलेला, घडी केलेला. टेम्पोत सामान चढलं. घंटी मात्र त्यांनी काढली नाही, दारावरच राहू दिली. पाच पायऱ्या उतरण्याआधी दोरीला हात घातला, दोनदा ओढली, आणि एकेक पायरी बाजूनं, कठड्याला धरून उतरले. कोणी हात द्यायला गेलं तर देऊ दिला नाही.

आता त्या घरातून दिवसभर मशीनचा आवाज येतो. माझी पाचची घंटी दिपालीला चालते. म्हणते, त्यानं जाग येते आणि नळाचं पाणी भरून होतं.

श्रावणात, सोमवारी, मी आंजीला जाऊन आले. काकाजींच्या खोल्या पाहिल्या. भिंतीच्या भेगांत अजून कापसाचे पुंजके होते, काकूंच्या फोटोवरही एक बसला होता. मेघा आपल्या दारातून आणि काकाजी आपल्या दारातून, दोघं मध्ये चार पावलं ठेवून भांडत होते, कशावरून तर नातवाच्या टोपीवरून. मला पाहून काकाजी आत गेले आणि तांब्या घेऊन आले.

तेव्हा मी पाहिलं. मेघाच्या नळापासून एक काळा पाइप भिंतीवरून आला होता, थेट काकाजींच्या मोरीत. मी पाइपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मेघा पदरानं तोंड झाकून उभी होती.

काकाजी म्हणाले, "नळ ग्रामपंचायतचा आहे. प्या."

मी प्याले. त्यांनीही आपला पेला भरून घेतला आणि मेघाच्या देखत प्याले, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. बाटली कोपऱ्यात खिळ्याला टांगलेली होती. घरी येऊन मी वहीत लिहिलं : 'श्रावण सोमवार. उपास. आंजीला गेले. पाणी गोड आहे.'